जोडातला गंज काढायला बसण्याआधी

गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो, हाच तो जोड. तिथे रंगाला फुगे आले की दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवा. गाडी रत्नागिरी-मालवणसारख्या किनाऱ्यावर उभी राहत असेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा. मे अखेरीला हवा इतकी दमट होते की जोड आतून सुकला याची खात्री देता येत नाही, आणि हे सगळं काम त्या कोरडेपणावरच उभं आहे. फटीतलं पाणी केशाकर्षणाने आत ओढलं जातं, मीठ ते धरून ठेवतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पत्रे सुटतात आणि कंपनीने जोडावर भरलेलं सीलंट (फट बुजवणारा रबरासारखा लेप) चिरतं. त्या चिरेवर नुसतं नवं सीलंट भरलं की ओल आत कोंडली जाते आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

सामान आणण्याआधी स्क्रूड्रायव्हर आणि लोहचुंबक घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. चुंबक नीट धरत नसेल तिथे आधीच कुणीतरी पुट्टी भरली आहे. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्र्यात रुतला, तर ते सीलंटचं काम राहत नाही. कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. दाराखालचा सिल, म्हणजे उंबरठ्यासारखा पोकळ भाग, किंवा सीटबेल्टच्या बोल्टजवळचा पत्रा असेल तर ते वर्कशॉपलाच द्या, कारण गाडीची ताकद तिथे असते.

घासायला तारेचा ब्रश, खरवडणी, 80, 180 आणि 320 नंबरचा पॉलिशपेपर पुरतो. ग्राइंडर लावणार असाल तर काचांवर ओलं गोणपाट टाका, ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि मग निघत नाहीत. बाहेरचा पत्रा जेमतेम 0.7-0.8 मिमी असतो, त्यामुळे दुमडीच्या धारेवर ग्राइंडर नकोच, तिथे हातानेच घासा. गॉगल आणि हातमोजे हवेत. रंगाच्या वाफेसाठी काडतुसांचा (वाफ गाळणाऱ्या फिल्टरच्या डब्या लावलेला) मास्क हवा, कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही.

धुवायला गोडं पाणी भरपूर लागेल. मीठ गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं असतं, म्हणून घासण्याआधी आणि घासल्यावर असं दोनदा धुवा. त्यानंतर हीट गन किंवा केस वाळवायचा ड्रायर लावून जोड हाताला चांगला कोमट लागेपर्यंत तापवा. पत्रा गार झाल्यावर फटीत टिश्यू पेपरची कड सरकवून पाहा. ओली निघाली तर पुन्हा तापवा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारण्याचा मोह होतो, पण पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर त्या हवेबरोबर पाणीच आत जातं.

गंज मारायचं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण पाव लिटर पुष्कळ झालं. ते उघड्या पत्र्यावरच लावा, सुकू न देता पुसा, पाण्याने धुवा आणि पत्रा पुन्हा सुकवा. आम्ल उरलं तर त्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा दोन भाग मिसळून लावायचा अस्तर) धरत नाही. दुमडीच्या आत ते ओतू नका. तिथून धुऊन काढायला वाटच नसते.

इपॉक्सी प्रायमर हार्डनरसह अर्धा लिटर घ्या, चारही दारांच्या कडांना दोन हात सहज होतात. प्रमाण डब्यावर असेल तेच, त्यासाठी मापाचा कप घ्या. प्रायमर रात्रभर सुकू द्या. सीलंट पीयूचंच (पॉलियुरेथेनचं) हवं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना सोडत असलेलं आम्ल पुन्हा गंज धरवतं. 310 मिलीच्या नळीतून 5 मिमी जाडीची वात साधारण 15 मीटर निघते, म्हणजे चार दारं आणि डिकीला एक नळी पुरते. मुदतीची तारीख बघूनच घ्या. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, वात ब्रशने दाबून बसवा आणि वरचं सुकण्याआधी टेप ओढून काढा. गुळगुळीत करायला स्पिरिट वापरू नका, त्याने पीयू नीट घट्ट होत नाही. ते हवेतल्या ओलाव्यावर बाहेरून आत घट्ट होत जातं, दिवसाला सुमारे 2-3 मिमी, तेव्हा जाड थर लावून घाई करू नका. वरचा रंग कधी मारायचा ते नळीवर लिहिलेलं असतं.

दाराच्या आतल्या पोकळीत मारायचं गंजरोधक मेण मात्र अगदी शेवटी, लांब नळी लावून आतल्या बाजूने. आधी मारलंत तर ते फटीतून बाहेर झिरपतं आणि सीलंट सुटून येतं. सीलंट लावण्याआधी दाराच्या तळाची पाणी जायची भोकं खडूने खूण करून ठेवा, टेपखाली ती दिसत नाहीत आणि नकळत बुजतात. मेण सुकल्यावर काचेच्या बाहेरच्या रबराजवळून तांब्याभर पाणी ओता. प्रत्येक भोकातून ते खाली यायला हवं.