स्वतःची वेणी स्वतः घालायची असेल तर आधी आरसा बाजूला ठेवा

स्वतःच्या केसांची वेणी शिकताना सगळ्यात जास्त घोळ आरसा घालतो. समोर एक आरसा, मागे दुसरा, नाहीतर फोनचा कॅमेरा, आणि मग हात डावीकडे न्यायचा म्हटलं की जातो भलतीकडेच, दोन मिनिटांत डोकं गरगरायला लागतं आणि माणूस म्हणतो जाऊदे, क्लचर लाव आणि नीघ. दुसऱ्याची वेणी घालताना डोळे कामाला येतात पण स्वतःची घालताना सगळं काम बोटांचं. पेड कुठे आहेत, कुठला घट्ट झालाय, कुठला निसटतोय, हे सगळं बोटांना कळतं, त्यांना ते कळू द्यायचं एवढंच. त्यामुळे माझा पहिला सल्ला हाच की टीव्ही समोर बसा, आरशासमोर नको. आरसा शेवटी, पुढचे केस आणि भांग नीट आहे का बघायला.

आता तयारी. शाम्पू केल्या दिवशी केस एवढे सुळसुळीत असतात की वेणी नीट धरतच नाही, दुसऱ्या दिवशीचे केस सगळ्यात बेस्ट. धुतल्या दिवशीच घालायची असेल तर तळहातावर खोबरेल तेलाचे दोनतीन थेंब घेऊन ते हात फक्त केसांच्या खालच्या अर्ध्या भागावर फिरवा, मुळांना नको, नाहीतर चिप्पू दिसतं. आणि पूर्ण ओल्या केसांची घट्ट वेणी घालू नका हो, ओला केस नाजूक असतो, ताणला जातो आणि मग तुटतो. किंचित दमट चालतील. गुंता नेहमी टोकाकडून वर सोडवत जायचा, रुंद दातांच्या कंगव्याने. कुरळे केस असतील तर कोरडे विंचरूच नका, कंडिशनर लावलेला असतानाच बोटांनी गुंता काढा, वाळले की वेणी घाला, कुरळ्या केसांची वेणी सरळ केसांपेक्षा भरीव दिसते आणि सुटतही नाही लवकर.

सामान फार लागत नाही. मागे टोक असलेला एक कंगवा, दोन मोठे क्लचर, बारीक रबरं, काळ्या पिना. पुण्यात असाल तर तुळशीबागेत हे सगळं मिळतं आणि वर नको असलेल्या चार गोष्टीही घेऊन होतातच. फक्त ते पिशव्यांना लावायचं पिवळं-लाल रबर केसांना लावू नका, काढताना केस घेऊनच निघतं.

सुरुवात साध्या तीन पेडी वेणीने, पण मागे नाही, खांद्यावर पुढे घेऊन. तुम्ही म्हणाल ही तर येतेच. येते, पण पेड धरायची पद्धत बघा एकदा. एका हातात कायम दोन पेड असतात आणि दुसऱ्यात एक. दोन पेडवाल्या हातात एक पेड अंगठा आणि तर्जनीमध्ये, दुसरा मधलं बोट-अनामिकेने तळहाताशी दाबून. म्हणजे दुसऱ्या हाताला एकच पेड सांभाळायचा राहतो. बाहेरचा पेड मधल्यावरून आत आणायचा, मग दुसऱ्या बाजूचा बाहेरचा मधल्यावरून आत, आणि प्रत्येक वेळी पेड खाली न ओढता बाजूला ताणायचे. खाली ओढलं की वेणी लांबुडकी आणि ढिली होते, बाजूला ताणलं की वीण बसते. हे पुढे बघून चारपाच दिवस केलं की डोळे मिटून करा. डोळे मिटून जमली की मागे न्या.

मागे घालताना दोन गोष्टी. एक म्हणजे मान सरळ ठेवा. आपण सवयीने मान खाली घालतो, तेव्हा मानेवरची कातडी ताणलेली असते, मग मान वर केली की तिथेच केसांचा फुगा येतो आणि वाटतं वेणी ढिली झाली. हनुवटी किंचित वर असली तरी चालेल. दुसरं, वेणी लगेच खांद्यावरून पुढे ओढून घेऊ नका. पहिले पाचसहा फेर मागेच, पाठीच्या बरोबर मधोमध घाला आणि मग पुढे घेऊन पूर्ण करा, नाहीतर वेणी ज्या खांद्यावरून घेतली त्या बाजूला वळते आणि दिवसभर तिकडेच कलते. हात दुखतात हे खरं आहे, कोपर वर धरून धरून खांदे भरून येतात. दुखले तर आहे तिथे क्लचर लावा, हात खाली सोडा, पाणी प्या, परत धरा.

दोन वेण्यांना खरी अडचण मागच्या भांगाची. कंगव्याचं टोक कपाळाच्या मधून ठेवून डोक्याला चिकटवून टाळूवरून सरळ मानेपर्यंत न्यायचं, न उचलता, एका दमात, आणि लगेच एका बाजूला क्लचर. वाकडा झाला तर फोनने मागून फोटो काढून बघा, पण मी सांगते, नागमोडी भांग मुद्दाम पाडला की वाकडा-सरळ हा प्रश्नच मिटतो.

शाळेत जाणारी मुलगी स्वतःची वेणी शिकत असेल तर रिबिनीचं हे तंत्र तिला दाखवा, वर दुमडलेल्या दोन वेण्यांचा नियम बऱ्याच शाळांत असतोच. वेणी दोन तृतीयांश झाली की रिबिनीचा मध्य मधल्या पेडाच्या मागे ठेवायचा, रिबिनीची दोन टोकं दोन बाजूच्या पेडांसोबत घ्यायची आणि पुढे वेणी चालू. शेवटी रिबिनीनेच शेंडीला, म्हणजे वेणीच्या टोकाला, दोन वेढे आणि गाठ, मग वेणी वर दुमडून कानाच्या मागे मुळाशी आणायची आणि उरलेल्या रिबिनीने तिथे बांधून फूल काढायचं. नायलॉनची रिबीन घसरते, म्हणून पहिली गाठ दोनदा मारायची. पीटीच्या तासालाही सुटत नाही.

आता साध्या वेणीनंतर सगळे थेट सागरवेणीवर (फ्रेंच वेणीवर) उडी मारतात आणि तिथेच कंटाळतात. मध्ये दोन सोप्या वेण्या आहेत त्या घ्या. पहिली पिळाची. केसांचे दोनच भाग, दोन्ही भाग उजवीकडे पिळायचे आणि मग ते एकमेकांवर डावीकडे गुंडाळायचे. पिळायची दिशा एक आणि गुंडाळायची उलटी, एवढंच लक्षात ठेवा. दोन्ही एकाच दिशेने केलं तर रबर लावेपर्यंत सगळं उलगडून मोकळं होतं, उलट्या दिशेला मात्र दोन्ही पीळ एकमेकांना अडकवून धरतात. सकाळी ७:४२ ची लोकल पकडायची असेल तर हीच वेणी, प्लॅटफॉर्मवर उभं राहूनही होते.

दुसरी खजूरवेणी. दिसायला भयंकर अवघड आणि करायला सगळ्यात बिनडोक, कारण यातही दोनच भाग. उजव्या भागाच्या बाहेरून एक बारीक बट घ्यायची, वरून आणून डाव्या भागात आतल्या बाजूला मिसळायची, मग डाव्याच्या बाहेरून एक बट उजव्यात. बस. बट जितकी बारीक तितकी वीण सुंदर, पण तितकाच वेळही जातो, तर ऑफिसच्या दिवशी जाड बटा आणि लग्नाच्या दिवशी बारीक. सुरुवातीला वरचं टोक हातातून निसटतं, म्हणून आधी मानेजवळ बारीक पारदर्शक रबराने पोनी बांधा, त्याखाली वेणी घाला, आणि पूर्ण झाली की ते रबर छोट्या कात्रीने जपून कापून टाका. लेयर्स कापलेले असतील तर मात्र खजूरवेणीतून टोकं बाहेर येतात, त्यांना पिळाची वेणी बरी.

आणि आता सागरवेणी. इथे जरा सावकाश वाचा.

कपाळावरच्या केसांचा त्रिकोणी भाग घ्या, एका भुवईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतच्या रुंदीचा, त्याचे तीन पेड करा आणि एक पूर्ण फेर साधी वेणी घाला, काहीही न जोडता. मग उजवा पेड आत आणायच्या आधी उजव्या कानाच्या वरून, केसांच्या रेषेपासून एक बारीक बट घ्यायची, ती उजव्या पेडात मिसळायची आणि मग दोन्ही मिळून मधल्यावरून आत. तसंच डावीकडे. ही बट घ्यायला करंगळी वापरा, करंगळीचं नख डोक्याला लावून रेघ मारल्यासारखं मागे ओढायचं, बट आपोआप वेगळी होते, बाकी बोटांनी पेड सोडावे लागत नाहीत. ही करंगळीची सवय लागायला वेळ लागतो पण एकदा लागली की सागरवेणी आली असंच समजा.

हात डोक्याला चिकटलेले पाहिजेत. हात लांब धरून वेणी विणली की पेडात ढील राहते आणि मग मागे पोपडे दिसतात, केसांचे उंचवटे. बट जोडताना तिच्यातून बोटं फिरवून ती सपाट करा, तो उंचवटा तिथेच मोडतो, नंतर पिना लावून काही होत नाही. दुसरी कॉमन भानगड म्हणजे वेणी उजवीकडे सरकते. आपला उजवा हात जोरात ओढतो म्हणून, डावखुऱ्यांची डावीकडे जाते. उपाय म्हणून दोनतीन फेरांनंतर एकदा मधल्या बोटाचं पेर नाकाच्या रेषेत, कवटीच्या मधोमध टेकवून बघा, वेणी तिथेच आहे ना, नसेल तर पुढची बट कमकुवत बाजूला थोडी जाड घ्या. मानेपाशी जोडायचे केस संपले की खाली साधी तीन पेडी चालू ठेवायची.

हिचीच उलटी बहीण म्हणजे उलटी सागरवेणी, ज्यात पेड मधल्याच्या वरून न नेता खालून न्यायचे, बाकी सगळं तेच. वेणी डोक्यावर उठून दिसते. खरं सांगायचं तर स्वतःची घालायला मला ही सोपी वाटते कारण उठलेली वीण बोटांना लागते, कुठे पोचलो ते न बघता कळतं. खांद्यापर्यंतच केस असतील तर दोन उलट्या सागरवेण्या घाला, छोट्या केसांना याहून चांगला पर्याय नाही, जिमला आणि पावसाळ्यातही टिकतात. विरळ केस जाड दिसायला हवेत तर वेणी झाल्यावर पाकळ्या सोडा, म्हणजे शेंडी एका हाताने घट्ट धरून विणीच्या कडा हलके बाहेर ओढायच्या, खालून सुरू करून वर जायचं. वरून सुरू केलं तर ढील खाली येते आणि सगळं विस्कटतं.

गणपती, लग्न, मंगळागौर असेल तर सागरवेणीच्या खालच्या वेणीचा अंबाडा करा. वेणी मानेवर गोल गुंडाळायची, शेंडी आत दडपायची, आणि यू पिन घालताना आधी पिनेची टोकं बाहेरच्या दिशेला करून थोडे केस पकडायचे, मग पिन उलटी फिरवून अंबाड्याच्या मध्याकडे खुपसायची, हलत नाही. साध्या काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची असते, अनेकजणी उलटी लावतात आणि मग पिना गळतात म्हणून ओरडतात. गजरा लावताना पिन फुलातून नको, दोऱ्यातून घाला, नाहीतर मोगरा दुपारपर्यंत काळा पडतो. सावंतवाडी-गोव्याकडे अबोलीचा वळेसर (गजरा) माळतात तो हलका असतो, त्याला दोन पिना पुरतात, जाड मोगऱ्याच्या गजऱ्याला चार तरी लागतात. गंगावन (खोट्या केसांचा झुबका) जोडायचं असेल तर ते मानेजवळच्या मधल्या पेडाला बांधा आणि मग तिन्ही पेडात वाटून घ्या, एकाच पेडात राहिलं तर वेणी एका बाजूला जाड होते.

घट्टपणाचं मात्र ऐका. वेणी घातल्यावर कपाळ ताणल्यासारखं वाटत असेल, भुवया वर गेल्यासारख्या दिसत असतील, किंवा केसांच्या रेषेवर पुटकुळ्या येत असतील तर ती जास्त घट्ट आहे, लगेच सोडा. रोज रोज एकाच जागी ताण बसला की कपाळाच्या आणि कानाच्या बाजूचे केस विरळ व्हायला लागतात, आणि फार वर्षं तसं चाललं तर तिथे केस परत येतही नाहीत. म्हणून भांगाची जागा बदलत रहा, एक दिवस वेणी तर एक दिवस सैल अंबाडा. झोपताना अगदी ढिली तीन पेडी, टोकाला कापडी रबर.

सोडताना रबर आधी काढा आणि शेंडीकडून बोटांनी उलगडत वर या, वरून ओढू नका. आणि दोन दिवसांची वेणी सोडल्यावर हातात केसांचा गुच्छ आला तर लगेच घाबरू नका, रोज ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात, वेणीत ते अडकून बसतात आणि सोडल्यावर एकदम निघतात. कपाळाजवळ किंवा भांगात जागा मोकळी दिसायला लागली असेल तर मात्र तेलं बदलत बसण्यापेक्षा सरळ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तोपर्यंत वेण्या बंद.