पुरानंतर गावचा पूल दुरुस्त करताना पर्यावरणविषयक परवानग्या कशा घ्याव्यात

ऑगस्ट 2020 मध्ये कन्हान आणि पेंच नद्यांना आलेल्या पुराने नागपूर जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांना झोडपून काढले. अशा पुरानंतर पूल तातडीने उभा करण्याची घाई रास्तच असते. परंतु परवानग्यांचा विचार कंत्राटदार कामावर आल्यानंतर सुरू झाला, तर काम अर्ध्यावर थांबते आणि गाव पुढचा पावसाळाही पुलाविना काढते. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाखा अभियंता यांनी नुकसानीच्या पंचनाम्याबरोबरच हे काम हाती घ्यावे.

सर्वप्रथम पूल आणि त्याचे दोन्ही जोडरस्ते कोणत्या जमिनीवर आहेत, हे सातबारा व गाव नकाशावरून तपासावे. पूर्व विदर्भात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण येथील अनेक गावांत रस्त्यालगतची जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली असते. तेथे एकही मोठे झाड दिसत नसले, तरी सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात झुडपी जंगल जमिनी वनजमीनच मानल्या आहेत. तलाठ्याकडून नोंदीचा उतारा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचे लेखी मत, हे दोन्ही कागद अंदाजपत्रकाआधीच हाती असावेत.

त्यानंतर तातडीचे काम आणि कायमस्वरूपी काम यांचे प्रस्ताव वेगळे करावेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 34 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला तात्पुरते पूल उभारण्याचा अधिकार आहे. जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असल्याने ह्यूम पाईप (काँक्रीटचे मोठे नळ) टाकून वळणरस्ता काढायचा असेल, तर त्यांचा लेखी आदेश घ्यावा. तोंडी सूचनेवर जेसीबी नदीपात्रात उतरवू नये. मात्र या आदेशाच्या आधारे पूल रुंद करणे किंवा नव्या जागी हलवणे योग्य नव्हे. ते कायमस्वरूपी काम आहे आणि त्याचा प्रस्ताव स्वतंत्रपणे गेला पाहिजे.

गावच्या पुलाची दुरुस्ती 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत येत नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळी पर्यावरण मंजुरी लागत नाही. अडचण येते ती वनजमिनीची. जुन्या पुलाच्या मूळ रुंदीपलीकडे वनजमीन लागत असेल, तर वन संवर्धन कायद्याखालील प्रस्ताव कामाच्या यंत्रणेने, म्हणजे जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाने, परिवेश या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंजुरी पोर्टलवर दाखल करावा. गावासाठी याहून जवळचा मार्ग वनहक्क अधिनियम, 2006 च्या कलम 3(2) मध्ये आहे: शासनाच्या रस्त्यासारख्या सुविधेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी 75 पेक्षा अधिक झाडे तुटणार नसतील आणि ग्रामसभेने शिफारस केली असेल, तर या कलमाखाली वनजमीन वळती करता येते. जोडरस्त्याच्या वाढीव पट्ट्याला बहुधा एवढी मर्यादा पुरते. म्हणून ग्रामसभेचा ठराव पहिल्याच आठवड्यात घ्यावा, आणि त्यात गट क्रमांक, क्षेत्र व झाडांची संख्या स्पष्ट लिहावी. मोघम ठराव परत येतो आणि गावाचे महिने वाया जातात.

पेंच व्याघ्र प्रकल्प किंवा उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याच्या हद्दीत पूल असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू होतो. येथे काम ठरवण्यापूर्वीच संबंधित उपसंचालक किंवा विभागीय वन अधिकाऱ्यांना भेटावे. पुलाखालून प्राणी जाऊ शकतील एवढी मोकळी उंची ठेवणे आणि रात्री काम बंद ठेवणे या गोष्टी प्रस्तावात आपणहून लिहाव्यात.

वाळू व मुरूम यांबाबत विशेष दक्षता घ्यावी. पूल सरकारी आहे म्हणून शेजारच्या पात्रातून वाळू उचलता येत नाही. वाळू, मुरूम यांसारख्या गौण खनिजासाठी तहसील कार्यालयाची परवानगी आणि वाहतूक पास लागतो. रस्त्यासारख्या कामांसाठी माती-मुरूम काढण्यास केंद्राने 2020 मध्ये पर्यावरण मंजुरीतून दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये रद्द केली, त्यामुळे जुन्या कामांचे दाखले देऊन भागणार नाही. शिवाय खांबांजवळची वाळू उपसली की पायाच उघडा पडतो, आणि पुढचा पूर त्याच पुलाला नेतो.

पडलेल्या पुलाचे काँक्रीट पात्रात तसेच सोडू नये. कोणत्या जागी आणि किती मलबा टाकायचा, हे निविदेतच लिहावे आणि त्याचा खर्च वेगळा दाखवावा, म्हणजे कंत्राटदाराला तो टाळता येणार नाही. जोडरस्त्यावरील साग, मोह यांसारखी झाडे तोडायची असल्यास वृक्षतोडीची परवानगीही याच टप्प्यावर मागावी. सर्व अर्जांच्या पोचपावत्या ग्रामपंचायतीत एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात आणि तिची एक प्रत शाखा अभियंत्याकडे द्यावी, कारण अधिकारी बदलला की पाठपुरावा याच कागदांवर करावा लागतो.