लंडनला नवीन आलात? घरचे फिरायला यायच्या आधी एवढं वाचा

मी इथे 2007 ला आले. दर सप्टेंबरला नवीन मुलंमुली येतात, नवीन जोडपी येतात, सहा महिन्यांत कुणाचे तरी आईबाबा येतात आणि मग माझ्याच चुका सगळे परत करतात, ते बघवत नाही म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी बँकेचं कार्ड. ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, शिरताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. तेच म्हणजे तेच. फोनमधलं कार्ड आणि पर्समधलं कार्ड, खातं एकच असलं तरी मशीनला ती दोन वेगळी कार्डं वाटतात. 2018 ला माझे आईबाबा आले तेव्हा आईच्या हातात माझं कार्ड, बाबांच्या हातात नवऱ्याचं, माझ्याकडे फोन, आणि बाहेर पडताना मागे रांग लागलेली म्हणून गडबडीत जे हाताला येईल ते टेकवायचो. मशीनच्या लेखी प्रत्येक प्रवास अर्धवट, आणि अर्धवट प्रवासाला जास्तीत जास्त भाडं कापतात, एरवी दिवसभरात ठरलेल्या रकमेच्या वर भाडं कापत नाहीत, पण हे त्या मर्यादेत धरत नाहीत. पंधरा दिवसांनी स्टेटमेंट बघितलं तर दीडशे पौंडाच्या वर गेले होते, अर्ज करून त्यातले थोडेच परत आले. आता मी प्रत्येक कार्डावर नावाची चिठ्ठी चिकटवते. नाहीतर सरळ प्रत्येकाला एकेक ऑयस्टर, म्हणजे प्रवासाचं पैसे भरून ठेवायचं कार्ड, घेऊन द्या, कार्डाचे वेगळे पैसे पडतात, पडू देत. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं, आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचं भाडं लागत नाही. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट.

कॉव्हेंट गार्डन स्टेशनला लिफ्टची रांग बघून जिन्याने निघू नका, 193 पायऱ्या आहेत. बाबांचे गुडघे तिथे गेले. लेस्टर स्क्वेअरला उतरा, पाच मिनिटं चाला.

आता बघायचं काय. आपली मंडळी इथे दहा दहा वर्षं राहतात, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला लंडन आय आणि मेणाचे पुतळे दाखवतात, मात्र ब्रिटिश म्युझियमच्या आत कधी गेलेली नसतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), सगळी फुकट आहेत हो! एका दिवसात तीन उरकू नका, एकाच ठिकाणी दोन तास द्या, परत जाता येतं, तुम्ही इथे राहताय. आपल्याकडचे सगळे वाघनखं विचारतात म्हणून सांगते, ती व्ही अँड ए ने 2024 च्या जुलैमध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली, आधी साताऱ्याला ठेवली होती.

माझा आवडता दिवस असा: चॉक फार्मला उतरायचं, 10 किंग हेन्रीज रोडला जायचं. डॉ. आंबेडकर विद्यार्थी असताना 1921-22 मध्ये त्या घरात राहायचे, 2015 ला महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. शांत गल्ली, साधं घर. तिथे उभं राहिल्यावर माझी आई काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली. मग तिथून चालत प्रिम्रोज हिल, वर बसून सगळं लंडन समोर दिसतं, तिकीट नाही, घरून पोळीभाजी न्या.

खायला बाहेर गेलात तर बिल नीट वाचा, साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज बऱ्याचदा आधीच लावलेला असतो आणि तो काढायला सांगता येतो. सर्व्हिस वाईट असेल तर संकोच न करता सांगा, इथे कुणी भांडत नाही. पाणी मागताना टॅप वॉटर म्हणा, नाहीतर बाटली येते. वडापावची आठवण आली की हाउन्स्लो. बरो मार्केटला, म्हणजे खाण्यापिण्याच्या बाजारात, शनिवारी नको, सोमवारी बंद असतं, मधल्या वारी सकाळी जा.

भाजी आणि किराणा मी अल्पर्टनच्या ईलिंग रोडवरून आणते, मेथी, गवार, तोंडली, मोसमात हापूसच्या पेट्या सगळं मिळतं. थंडीचा कोट भारतातून आणू नका, तो इथल्या पावसाला आणि वाऱ्याला पुरत नाही. हॅम्पस्टेड, चेल्सीसारख्या श्रीमंत वस्त्यांतल्या चॅरिटी शॉपमध्ये चांगला लोकरीचा कोट मिळतो, आणि वापरलेले कपडे कसे घालायचे असं नाक मुरडणाऱ्या आपल्याच लोकांचं ऐकू नका, इथे सगळे घेतात आणि पैसे चांगल्या कामाला जातात. पौंडाचे रुपये करणं पहिला पगार झाला की बंद करा.

रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात. आणि 25 डिसेंबरला ट्यूब नाही, बस नाही, दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणून ठेवा, आणि त्या दिवशीचं कुणाचं विमान असेल तर टॅक्सी महिनाभर आधी बुक करा.