एक मोबाईल, पंचवीस लेकरं: वर्गात इंटरनेट कसं वापरावं

लोकवर्गणीतून शाळेला टीव्ही मिळाला, त्या वर्षी मी पावसाचा पाठ त्यावर दाखवला. जलचक्राचा छान रंगीत व्हिडिओ होता. लेकरं मांडी घालून गप्प बसली, डोळे मोठे करून बघितलं. संपल्यावर मी विचारलं, "काल आपल्या गावात पाऊस किती झाला?" एकजण म्हणाला, "लई झाला सर." मागून एक मुलगी म्हणाली, "कुठं ओ सर, आमच्या शेतातल्या आखाड्यावर नुसते शिंतोडे आले." दोघंही खरं बोलत असतील. पण ते तपासायचं कसं, हे त्या व्हिडिओनं कोणाला शिकवलं नव्हतं. फळ्याच्या जागी टीव्ही आला होता, एवढाच काय तो फरक.

तेव्हापासून मी एक धरून चाललो आहे. तासाला लेकरांनी स्वतः काहीतरी मोजलं, शोधलं किंवा ताडून बघितलं पाहिजे, आणि मोबाईल त्या कामापुरता बाहेर निघाला पाहिजे. आपल्या मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत ऐन दुपारी लाईट जाते, रेंज पारावर गेल्यावरच मिळते. तरीही हे जमतं. माझ्या वर्गात जसं जमलं तसं सांगतो.

आधी प्रश्न ठरवा

कोणतं ॲप घ्यावं, हा विचार शेवटी करायचा. आधी पाठ उघडून असा प्रश्न काढा, ज्याचं उत्तर गाइडमधून उतरवता येणार नाही. "पर्जन्यमान म्हणजे काय?" याचं उत्तर छापलेलं असतं. "शाळेच्या पत्र्यावर पडलेलं पाणी साठवलं, तर किती टँकर भरतील?" याचं नसतं. तिथं मोजावं लागतं, माहिती शोधावी लागते, गणित करावं लागतं. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून दोन दिवस तसाच राहू द्या. लेकरं येता-जाता त्यावर बोलायला लागली की समजायचं, प्रश्न चांगला आहे.

हाताशी काय आहे ते बघा, आणि रात्रीच उतरवून ठेवा

शाळेत चालू स्थितीतले मोबाईल किती, लाईट कधी असते, रेंज कुठं मिळते, हे एकदा वहीत लिहून काढा. वर्गात इंटरनेट चालेलच असं धरून तास आखू नका. मी लागेल ते सगळं आदल्या रात्री घरून मोबाईलमध्ये घेतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपनं स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं, आणि त्यातलं बरंचसं उतरवून ठेवता येतं. पहिली-दुसरीच्या लेकरांना मराठी वाचनाच्या सरावासाठी गूगलचं 'रीड अलाँग' चांगलं आहे. गोष्टी आधी घेऊन ठेवल्या की ते रेंजशिवाय चालतं, आणि लेकरू मोठ्यानं वाचतं ते ऐकून अडलेला शब्द सांगतं. सोबत चार्ज केलेली पॉवर बँक आणि एक छोटा स्पीकर ठेवा.

पुस्तकांमध्ये क्यूआर कोड आले, त्याची वाट दाखवणारे रणजितसिंह डिसले हे आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिक्षक होते. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्यासारख्याच शाळेतून हे निघालं, हे मी लेकरांना आवर्जून सांगतो.

मोबाईल कोणाच्या हातात, हे तुम्ही ठरवा

पाच-पाच जणांचे गट करा. एकानं मोबाईल चालवायचा, एकानं मोठ्यानं वाचायचं, एकानं लिहायचं, एकानं वर्गासमोर सांगायचं, आणि पाचव्यानं "हे कशावरून?" असं विचारत राहायचं. पाचवं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एका वेळी एक-दोन गटांकडेच मोबाईल जाणार, म्हणून बाकीच्यांना मोजण्याचं, आकृती काढण्याचं, गणिताचं काम हवंच. नाहीतर "आमची पाळी कधी?" यातच तास जातो.

कामं दर आठवड्याला बदला, आणि कोणाकडे काय काम आहे त्याचा तक्ता भिंतीवर लावा. हे सोडून दिलं तर काय होतं, ते मी बघितलं आहे. महिनाभरात प्रत्येक गटातला मोबाईल एकाच चुणचुणीत पोराच्या हातात जाऊन बसला आणि मुली सगळ्या लिहिणाऱ्या झाल्या. घरी मुलीच्या हातात मोबाईल क्वचितच येतो. शाळेतही आला नाही तर मग कुठं येणार?

एका मोबाईलवर पाचजणांनी शिकावं, यात कमीपणा मानू नका. १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीच्या झोपडपट्टीलगत भिंतीत भोक पाडून एक संगणक बसवला. शिकवणारं कोणी नसताना पोरांनी घोळका करून, एकमेकांना दाखवत तो वापरायला घेतला. त्या प्रयोगावर पुढे वादही खूप झाले. पण घोळक्यात लेकरू बोलतं, आणि बोलता बोलता त्याला उमगतं, हे मी रोज बघतो.

पावसाचा पाठ, सुरुवातीपासून

दोन लिटरची, सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा, नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून आत थोडे खडे टाका आणि बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरा. तिथं शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाला पर्जन्यमापक. मोकळ्या जागी चार विटांमध्ये घट्ट बसवा. रोजचं मोजमाप झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणून ठेवायचं.

आता वेळ. हवामान खातं सकाळी साडेआठला, मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं. आपलीही वेळ तीच हवी. आमची शाळा त्यानंतर भरते, म्हणून हे काम शाळेशेजारी राहणाऱ्या सहावीतल्या मुलीनं अंगावर घेतलं, रविवारी सुद्धा.

इंटरनेट इथं येतं. राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटानुसार, रोजचा पाऊस दिलेला असतो. गटानं आपलं मंडळ शोधायचं आणि आपल्या बाटलीचा आकडा शेजारी मांडायचा. एका दिवशी आमच्या बाटलीत २३ मिलिमीटर आणि मंडळाचा आकडा ९! वर्गात गलका झाला. कोणी म्हणालं सरकारचा आकडा खोटा, कोणी म्हणालं पट्टी उलटी चिकटवली. मला कारण दिसत होतं, पण मी तोंड बंद ठेवलं. या पद्धतीतलं सगळ्यात अवघड काम हेच. दहा मिनिटांनी "हे कशावरून?" विचारणारा पोरगा उठून बाहेर गेला आणि ओरडतच आला, "सर, पागोळ्या पडायल्यात की बाटलीत!" पत्र्याच्या कडेचं पाणी थेट नरसाळ्यात येत होतं. बाटली पटांगणाच्या मधोमध गेली. त्यानंतर आकडे जवळ आले, पण तंतोतंत कधी जुळले नाहीत. मंडळाचं केंद्र आमच्यापासून काही किलोमीटरवर आहे आणि पाऊस वावरा-वावरानं पडतो, हे कारण मग लेकरांनीच शोधलं. मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर तो अतिवृष्टी धरला जातो, हे कळल्यावर तर आकड्याकडे बघायची त्यांची नजरच बदलली. आकडा आणि बापाच्या सोयाबीनचा पंचनामा यांचा संबंध त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

पुढं गणित. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला तर १ लिटर पाणी होतं. सहा बाय आठ मीटरचा पत्रा म्हणजे ४८ चौरस मीटर. १० मिलिमीटर पावसात ४८० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या ३२ बादल्या. २५० मिलिमीटर झाला की १२ हजार लिटरचा एक टँकर. थोडं पाणी उडून, वाहून जातं, ते किती धरायचं यावर गटागटांत वाद होऊ द्या.

वेळ असेल तर आणखी एक करा. गूगल अर्थच्या 'टाइमलॅप्स'मध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं वर्षावर्षानं सरकताना दिसतात. त्यात धनेगावचं मांजरा धरण शोधायला सांगा. पाणी कोणत्या वर्षी आटलं, ते लेकरांनी नोंदवायचं. मग घरी आजीला, चुलत्याला विचारायचं, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आपल्या घरी पाणी कुठून आणायचे? उत्तरं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणायची. आमच्या वर्गात या आवाजांइतकं लक्ष देऊन दुसरं काही ऐकलं गेलं नाही.

विज्ञानात: आधी अंदाज, मग बटण

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाचे आभासी प्रयोग मोफत आहेत, मराठीतही आहेत आणि उतरवून ठेवले की विनाइंटरनेट चालतात. त्यातला विद्युत परिपथाचा घ्या. एका सेलला एकामागोमाग एक दोन सारखे दिवे जोडायचे आहेत. कोणता जास्त उजळेल? मोबाईलला हात लावण्याआधी प्रत्येकानं वहीत अंदाज आणि कारण लिहायचं. बहुतेक जण लिहितात, पहिला जास्त, कारण तो वीज "खाऊन घेतो". मग प्रयोग चालवा. दोन्ही सारखेच उजळतात. वही आणि पडदा यांतल्या या तफावतीतून जी चर्चा होते, तोच तास. शेवटी बॅटरीचे खरे सेल आणि खरे दिवे जोडायला द्या. नुसत्या पडद्यावर थांबू नका.

शोधायला शिकवताना

"गूगल करा" म्हणणं म्हणजे शिकवणं नव्हे. मी हा धडा एका साध्या प्रश्नानं घेतो: मराठवाड्यात जिल्हे किती? जुन्या मजकुरात ५ सापडतात, कुठं ७, कुठं ८. खोटं कोणीच लिहिलेलं नाही. १९८१ मध्ये जालना वेगळा झाला, १९८२ मध्ये लातूर, १९९९ मध्ये हिंगोली. नावांचंही तसंच, कुठं उस्मानाबाद तर कुठं धाराशिव. मजकूर कधीचा आहे, कोणी लिहिला, आणि दुसऱ्या ठिकाणी तेच मिळतं का, हे तीन प्रश्न लेकरं यातून आपोआप विचारायला लागतात. मग व्हॉट्सॲपवर आलेला एखादा निरोप त्याच तीन प्रश्नांवर घासून बघायला द्या. एआयला प्रश्न विचारून मिळालेलं उत्तरही तसंच तपासायचं. ते ठामपणे चुकतं, हे एकदा लेकरांनी स्वतः पकडलं पाहिजे.

कोणाला समजलं, कोणाला नाही

यासाठी 'प्लिकर्स' वापरून बघा. मोबाईल एकच लागतो, तोही शिक्षकाचा. प्रत्येक लेकराला कागदावर छापलेलं एक चौकोनी चिन्ह द्यायचं. त्याच्या चार बाजूंना चार पर्याय असतात. आपलं उत्तर वर येईल असं धरायचं, आणि तुम्ही मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. शेजाऱ्याला काही दिसत नाही, त्यामुळे लाजरं लेकरूही उत्तर देतं. रेंज नसेल तर चार रंगांच्या चिठ्ठ्या डोळे मिटून वर करायला लावा.

निम्मा वर्ग चुकला तर लगेच उत्तर सांगू नका. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणा, आणि दोन मिनिटांनी पुन्हा घ्या. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी रुजवलेली ही रीत आमच्या सातवीतही तितकीच चालते.

जपायच्या गोष्टी

तेरा वर्षांखालच्या लेकराच्या नावानं खातं काढू नका, शाळेचं एकच वापरा. लेकरांचे फोटो, नावं, नंबर गटांवर टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. चुकीच्या उत्तरांची यादी तर कुठंच टाकायची नाही.

दिवाळीनंतर निघून जाणाऱ्यांसाठी

बीड-धाराशिवकडचे शिक्षक हे जाणतात. ऊसतोडीला घरं निघाली की पट निम्म्यावर येतो. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-वडिलांसोबत कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी बांधलेल्या झोपडीत, जातात. त्यांचा गट मोडू नका. आई-वडिलांच्या मोबाईलवर आठवड्याला एक प्रश्न आवाजात पाठवा. लिहून पाठवू नका, कारण ऐकायला कोणालाही जमतं. उत्तरही आवाजातच मागवा, आणि तिथं बसून ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहीत आहे, असा प्रश्न विचारा. एका वर्षी मी विचारलं, एक कोयता (म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं) दिवसाला किती टन ऊस तोडतो, आणि टनाला काय मिळतं? आकडे इथं देत नाही, ते तुमच्या लेकरांनाच विचारू द्या. आमच्या पाचवीतल्या पोरानं रात्री मुकादमाच्या मोबाईलवरून पाठवलं. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज होता, आणि आई मधेच त्याचा आकडा दुरुस्त करत होती. गावातल्या त्याच्या गटानं त्यावरून चार शाब्दिक उदाहरणं तयार केली आणि त्यालाच सोडवायला पाठवली. तीन बरोबर आली. चौथ्याबद्दल त्याचा निरोप आला, "सर, गणितच चुकलंय. पाचटाचं वजन धरलंच नाही ह्यांनी."