समीक्षा सापडत नाही? शोधताना या चुका टाळा

ग्रंथालयात कादंबरी पाच मिनिटांत हाती येते, पण तिच्यावरची समीक्षा शोधायला बसलं की अख्खी दुपार जाते. दोष बहुतेक वेळा शोधण्याच्या पद्धतीत असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे समीक्षा हवी असताना ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या ऑनलाइन यादीत, लेखकाच्या रकान्यात नाव टाकणं. तिथे त्याने लिहिलेलं मिळतं, त्याच्याविषयी लिहिलेलं नाही. शेक्सपिअरचंच घ्या. कॅटलॉगच्या साध्या चौकटीत 'हॅम्लेट' टाकलं की आवृत्त्या, भाषांतरं, चित्रपट, परीक्षेची गाइडं असा ढीग समोर येतो. त्याऐवजी शेक्सपिअरचं नाव 'विषय' या रकान्यात टाका. बऱ्याच कॅटलॉगमध्ये आधी आडनाव, मग नाव, १५६४-१६१६ ही वर्षं आणि पुढे 'क्रिटिसिझम अँड इंटरप्रिटेशन' असं विषयशीर्षक दिसेल. त्यावर क्लिक केलं की निव्वळ समीक्षाग्रंथ उरतात. हे शीर्षक पाठ करायची गरज नाही. कामाचं एक पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतून ते उचलायचं. आणि ते पुस्तक शेल्फवरून काढताना डावी-उजवीकडेही बघा. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत शेक्सपिअरला ८२२.३३ हा स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे नाटकं आणि त्यांच्यावरची पुस्तकं एकाच भागात लागतात.

परदेशी नावांची स्पेलिंगं बदलून पाहा. दोस्तोयेव्हस्की इंग्रजीत मध्ये 'वाय' घालूनही लिहितात आणि न घालताही.

कॅटलॉगमध्ये जर्नलचं, म्हणजे अभ्यासपत्रिकेचं, नाव मिळेल, पण त्यातला एकेक लेख सहसा मिळत नाही. त्यासाठी लेखांचे ऑनलाइन डेटाबेस. साहित्यासाठी पहिला थांबा 'एमएलए इंटरनॅशनल बिब्लिओग्राफी', ही सूची १९२१पासून चालू आहे. पण ती मुळात सूची आहे, लेख दरवेळी तिथेच उघडेल असं नाही. म्हणून 'फक्त फुल टेक्स्ट'वर टिकमार्क करून शोधणारे निम्मं जग आधीच बाहेर ठेवतात. जर्नल्सचे अंक ऑनलाइन ठेवणाऱ्या जेस्टोरवर भिस्त ठेवणाऱ्यांचंही तेच होतं. तिथे बऱ्याच जर्नल्सचे अलीकडच्या तीन ते पाच वर्षांचे अंक नसतात. ताजं लेखन हवं तर प्रोजेक्ट म्यूझ हा तसाच दुसरा संग्रहही चाळा.

प्रबंधाचं शीर्षक जसंच्या तसं शोधचौकटीत ओतू नका. समजा, 'हॅम्लेट'मधल्या ओफेलियावर लिहायचंय. 'ओफेलियाच्या वेडाचा स्त्रीवादी अभ्यास' यातले कामाचे शब्द तीनच. ते इंग्रजीत 'अँड'ने जोडा (म्हणजे तिन्ही असलेले लेख मिळतील), वेडासाठीचे दोन-तीन पर्याय कंसात 'ऑर'ने द्या (म्हणजे त्यातला कोणताही चालेल). तरीही नेमक्या तुमच्या विषयावर लेख नसेल, तर खरं म्हणजे आनंद व्हायला हवा; तुम्हाला लिहायला जागा आहे. अशा वेळी एक पायरी वर जा, शेक्सपिअरच्या स्त्रीपात्रांवरचं पुस्तक घ्या आणि मागच्या सूचीत ओफेलिया कुठे आहे ते पाहा. संपादित ग्रंथांतले उत्तम लेख असेच सापडतात, कारण कॅटलॉगच्या नोंदीत प्रकरणांची नावं अनेकदा नसतातच. नव्या लेखकावर तर ग्रंथ नसणारच. तिथे परीक्षणं आणि मुलाखती शोधा.

लेखासाठी पैसे मागणारं पान उघडलं तर कार्ड काढू नका. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून लॉगिन करून तोच लेख पुन्हा शोधा. तरी नाही मिळाला तर आंतरग्रंथालयीन देवघेवीची, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून लेख मागवण्याची, मागणी नोंदवा. मात्र त्यात काही दिवस जाऊ शकतात, तेव्हा सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी ग्रंथपालांचं डोकं खाऊ नका.