किल्ल्याची माहिती ब्लॉगवर की विकीवर? या चुका टाळा

राजगड चढून आलेल्या माणसाकडे लिहायला दोन प्रकारचा ऐवज असतो. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या, मधला बालेकिल्ला, गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाट, हे कोणालाही तपासता येतं, म्हणून ते विकीचं, म्हणजे विकिपीडियासारख्या, अनेकांनी मिळून लिहायच्या संकेतस्थळाचं. त्या वाटेवर आपले पाय कसे लटपटले, हे आपलं आपल्यालाच ठाऊक, म्हणून ते ब्लॉगचं. ही वाटणी केली नाही की घोटाळे सुरू होतात.

नेहमीची चूक म्हणजे ब्लॉगवरचा लेख जसाच्या तसा मराठी विकिपीडियावर चिकटवणं. 'आम्ही पहाटे निघालो' छापाचा मजकूर तिथे टिकत नाही. तो उडाला की लिहिणारा दुखावतो आणि पुन्हा फिरकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण गड पायाखाली घातलेली माणसं तिथे हवीच आहेत. असं झालं तर आधी पानाचा 'इतिहास' उघडा. तुमची आवृत्ती बहुधा तिथे शाबूत असते, आणि काढणाऱ्याने कारणही पुष्कळदा लिहिलेलं असतं. मग त्या पानाला जोडलेल्या चर्चा पानावर विचारा. तोच मजकूर पुन्हा पुन्हा टाकू नका. अख्खं पानच वगळलं असेल तर प्रचालकांना, म्हणजे पानं वगळण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांना, गाठा. पुढच्या वेळी सराव धूळपाटीवर, म्हणजे विकीवरच्या सरावाच्या पानावर, करा.

कधी अडचण प्रताधिकाराची (कॉपीराइटची) असते. ब्लॉग तुमचाच आहे, हे समोरच्या संपादकाला कसं कळणार? ब्लॉगवर 'सीसी बाय-एसए ४.०' (क्रिएटिव्ह कॉमन्सचा, मजकूर इतरांना वापरू देणारा) परवाना स्पष्ट लिहिला तर वाट मोकळी होते. पण मग तुमचं नाव देऊन आणि तोच परवाना ठेवून कोणीही, अगदी धंद्यासाठीसुद्धा, तो मजकूर वापरू शकतो. त्यापेक्षा विकीसाठी नव्याने लिहावं, असं माझं मत. संदर्भाला मात्र स्वतःचा ब्लॉग देऊ नका. गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) किंवा छापील पुस्तक द्या, तेही पृष्ठ क्रमांकासह.

उलटी चूकही होते: बदलणारी माहिती ब्लॉगवर एकदा लिहायची आणि सोडून द्यायची. जुलै २०२५ मध्ये राजगडासह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. २०१२ साली लिहिलेल्या ब्लॉगवर हे नसणारच, आणि त्यात वावगं काही नाही. विकीवर ती ओळ कोणीही घालू शकतो. पाण्याचं मात्र तसं नाही. 'टाक्यात भरपूर पाणी' हे हिवाळ्यात लिहिलेलं वाक्य वाचून मे महिन्यात कोणी कमी पाणी घेऊन निघाला तर जिवावर बेतेल. पाणी, मुक्काम, एसटी यांच्यापुढे महिना आणि वर्ष लिहाच.

गिर्यारोहक मंडळाने स्वतःचा विकी काढला की 'राजगड' आणि 'राजगड किल्ला' अशी दोन पानं हमखास तयार होतात, आणि दोन्ही अर्धवट राहतात. एकच ठेवा, दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन द्या (म्हणजे ते उघडणारा आपोआप पहिल्यावर पोचतो), आणि महिन्यातून एकदा सगळं चाळायचं काम एकाच्या नावावर टाका.

फोटोंना ही वाटणी लागू नाही. संजीवनी माचीच्या चिलखती बुरुजाचा स्वतः काढलेला फोटो ब्लॉगवरही लावा आणि विकिमीडिया कॉमन्सवरही, म्हणजे विकिपीडियांच्या सामायिक चित्रसंग्रहावरही, चढवा. तिथून तो कुठल्याही भाषेतल्या विकिपीडियाला वापरता येतो.