कोपीवर बसून रेशन कसं उचलायचं

आमच्या बीडकडून दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. मी लहान असताना आईबाप उसाच्या फडात आणि आमचं रेशन गावच्या दुकानदाराकडे, असे पाच-सहा महिने जायचे. त्या धान्याचं काय व्हायचं, हे आईनं कधी विचारलं नाही. विचारायला ती गावात असायला तर हवी! आता मी दर हंगामात कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर फिरून, बाहेरगावी रेशन कसं उचलायचं हेच सांगते.

निघायच्या आधी गावच्या दुकानात घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झाली का बघा. राहिली असेल तर साखर कारखान्याजवळच्या दुकानातही होते, पण फडातून सवड मिळत नाही. रेशन कार्ड घरी राहू द्या, त्याचा बारा अंकी नंबर तेवढा लिहून घ्या. आधार मात्र जवळ ठेवा.

कारखान्याजवळचा दुकानदार हमखास म्हणेल, "तुमचं कार्ड इथलं नाही." वाद घालू नका. "पोर्टेबिलिटीनं द्या," एवढंच म्हणा. म्हणजे गावचं कार्ड दुसरीकडच्या दुकानात चालवणं. हा शब्द पाठ करा. मी बायकांकडून तो दहादा म्हणवून घेते. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेमुळे कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलात तरी कार्ड चालतं.

सगळं धान्य एकाच ठिकाणी उचलायची गरज नाही. प्राधान्य कुटुंब या गटातलं कार्ड असेल तर माणशी 5 किलो मिळतं. घरात सहाजण असले तर 30 किलो. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, दोघं आलात तर इथं 10 उचला, बाकी 20 गावी म्हाताऱ्यांना आणि लेकरांना राहू द्या. किती हवं ते अंगठा लावायच्या आधी सांगा, नंतर मशीन ऐकत नाही. आणि 2023 पासून हे धान्य फुकट आहे; हमाली, भाडं असलं काही मागितलं तर देऊ नका.

खरी अडचण अंगठ्याची. ऊस तोडून, मोळ्या बांधून बोटं इतकी घासतात की रेषाच उरत नाहीत. मागच्या हंगामात एका बाईचे दोन्ही अंगठे उमटले नाहीत, दुकानदारानं "उद्या या" म्हणून वाटेला लावलं. उद्या म्हणजे आणखी एक खाडा. मी तिला परत नेलं, हात धुऊन पुसायला लावले आणि एकेक बोट लावून बघितलं. डाव्या हाताची करंगळी लागली! कोयता उजव्या हातात असतो ना. आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात, अंगठ्यावर अडून बसू नका. तरीही नाही जमलं, तर डोळ्याचं स्कॅनर किंवा मोबाइलवरचा ओटीपी मागा. कार्डात नाव असलेल्या नवऱ्याचं बोटही चालतं.

दुकानदारानं नाहीच म्हटलं तर दुकानाचा नंबर लिहून घ्या आणि तिथूनच 1967 या रेशनच्या तक्रार नंबरला फोन लावा.

धान्य मिळालं की मशीनची पावती मागा आणि त्याच संध्याकाळी तिचा फोटो गावी पाठवा. नाहीतर तिकडचा दुकानदार सासूला सांगतो, "तुमच्या पोरांनी सगळं तिकडंच उचललं."